सरकारी बंगल्याचा पूर्वेकडचा व्हरांडा

टांगेवाल्याने फाटकाबाहेरच लगाम खेचला. आत झाडांमागे माझ्या भावाचा बंगला दिसत होता. लाल कौलांचे पसरट छप्पर, जाडजूड पांढरे खांब आणि पुढे मोटार उभी राहावी म्हणून काढलेला पोर्च. टांगा आत जाईल म्हणून मी बसूनच राहिले.

"उतरा, बाई. आत टांग्याला बंदी हाये."

"ती का?"

"घोडं लीद टाकतं ना. साहेबाचा रस्ता घाण व्हतो."

त्याने ट्रंक आणि वळकटी फाटकाच्या आत ठेवली आणि तो निघून गेला. नाशिक रोड स्टेशनापासून इथवर त्या घोड्याने मला ओढत आणले होते आणि वाटेत एकदाही काही घाण केली नव्हती. पण त्याची बाजू घ्यायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

फाटकापासून बंगल्याची पायरी सरळ नाकासमोर शंभरएक पावलांवर आहे. वाट मात्र सरळ जात नाही. ती आधी डावीकडे वळते, एका गोल हिरवळीला वळसा घालते, गुलाबाच्या वाफ्यांपाशी रेंगाळते आणि मग कुठे पोर्चमध्ये शिरते. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पावले मोजायची मला खोड आहे. तीनशे बारा भरली. मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर वळकटी आणि हातात ट्रंक घेऊन मी त्या हिरवळीला प्रदक्षिणा घातल्यासारखी चालले. येणाऱ्याला बंगला तिन्ही अंगांनी दिसावा म्हणून वाट तशी आखली आहे, असे भावाने मला नंतर कौतुकाने सांगितले. येणाऱ्याला बंगला पाहायचा आहे की सावलीला टेकायचे आहे, हे आखणाऱ्याने कोणाला विचारलेले दिसत नाही.

निम्म्या वाटेवर पट्टेवाला समोरून धावत आला. पांढरी दाढी, लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. माझे नऊवारी, पायातल्या वहाणा आणि डोक्यावरचे ओझे पाहून त्याने हात पूर्वेकडे केला.

"इकडून नाही, बाई. अर्जवाल्यांनी त्या बाजूनं जायचं."

"मी साहेबांची बहीण."

त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटले. त्याने वळकटी माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घेतली. "माफी करा, बाईसाहेब. बूटवाले पोर्चमधून आणि वहाणवाले पूर्वेकडून, असा इथला कायदाच हाये. गांधी टोपीवाला आला तर आधी आत जाऊन विचारायचं. किती साहेब आले आणि गेले, कायदा तोच." त्याचे नाव कासीमभाई.

आता थोडे मागचे सांगते. आमचे वडील सिन्नरजवळच्या एका खेड्यात सुतारकी करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई लवकर गेली. अण्णांनी रंधा आणि करवतीच्या जिवावर आम्हा दोघांना शिकवले. मी पुण्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि धाकटा दत्तू परीक्षांमागून परीक्षा देत सरकारी अंमलदार झाला. कोणत्या खात्याचा ते लिहीत नाही, कारण त्याची नोकरी अजून चालू आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याची नाशिकला नेमणूक झाली आणि खात्याचा हा बंगला त्याला राहायला मिळाला. आजवर इथे गोरे साहेबच राहिले. दत्तू पहिला काळा.

अण्णा सत्तरीला टेकले होते आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी ह्या उन्हाळ्यापासून कायमचे बंगल्यात राहायला यावे, असे आम्ही भावंडांनी पत्रांतून ठरवले होते. ते गुरुवारी येणार होते. त्यांच्या राहण्याची सोय आपल्या डोळ्यांनी पाहावी म्हणून मी सोमवारीच आले. मोटारीने मला मळमळते, म्हणून मी आगगाडीने आले. कल्याणला गाडी बदलल्यापासून डब्यातल्या तीन बायकांना मी न विचारताच सांगितले होते की माझा भाऊ साहेब आहे आणि बंगल्यात राहतो. हेही लपवत नाही.

दत्तूची बायको सरू मला दारातच भेटली. "या, वन्सं," ती म्हणाली आणि मागे वळून, कोणी पाहत नाही असे बघून, तिने मला वाकून नमस्कार केला. स्वतःच्या घरात नमस्कार करायला ही मुलगी आजूबाजूला का पाहते, ते मला दोन दिवसांत उमगले. त्या घरात कुठूनही कोणीही शिरते. झोपण्याच्या प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि प्रत्येक न्हाणीघराला झाडूवाल्यासाठी बाहेरून एक दार. अशी चार न्हाणीघरे. चूल मात्र अख्ख्या बंगल्यात एकही नाही. स्वयंपाकाचा वास साहेबाच्या नाकाला लागू नये म्हणून खानसाम्याचे स्वयंपाकघर मागच्या अंगाला चौसष्ट पावलांवर बांधले आहे. तिथून निघालेले कालवण जेवणाच्या टेबलापर्यंत येईतो थंड होते, आणि पावसाळ्यात खानसामा छत्री स्वतःवर न धरता भांड्यावर धरतो. सरूने तिसऱ्या न्हाणीघराचे बाहेरचे दार अडसर लावून बंद केले होते आणि तिथे स्टोव्ह मांडला होता. नाशिकातल्या एका बड्या अंमलदाराची बायको नळाखाली पाट टाकून भाकऱ्या थापत होती.

"देव कुठे ठेवलेस?" मी विचारले.

"बंदुकांच्या कपाटात."

मला वाटले मुलगी विनोद करते आहे. तिने कपाट उघडून दाखवले. गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण, आणि त्यांच्या पाठीमागे नळ्या टेकवण्यासाठी कापलेल्या सहा खाचा.

"अगं, भिंतीला एक फळी का नाही ठोकून घेत?"

"खिळा मारायला वरून लेखी परवानगी लागते, वन्सं. संक्रांतीपासून अर्ज गेलाय."

मधल्या दिवाणखान्यात मात्र मी मान वर करून पाहतच राहिले. त्याचे छत इतके उंच की वर कोण राहते असे विचारावेसे वाटते. वरती चिमण्या राहतात. छतालगतच्या खिडक्या खालून दोऱ्यांनी उघडायच्या. दोऱ्या कधीच तुटलेल्या, त्यामुळे चार खिडक्या कायमच्या उघड्या आणि दोन कायमच्या बंद. आणि पश्चिमेच्या भिंतीत, संगमरवरी चौकटीत, पुरुषभर रुंद कोनाडा: घरात विस्तव पेटवून ऊब घेण्यासाठी. नाशिकात! मी त्याच्यापुढे उभी राहून पदराने घाम पुसला. दत्तूने पौषात एकदा तो पेटवून पाहिला होता. सगळा धूर आत आला आणि चिमण्या चार दिवस परतल्या नाहीत.

दत्तू दुपारी कचेरीतून आला. कचेरी म्हणजे बंगल्याचीच पूर्वेकडची बाजू. घरी आला तरी त्याने गळ्यातला टाय काढला नाही. मी नुसते त्याच्या गळ्याकडे पाहिले तर म्हणाला, "कोण कधी येईल सांगता येत नाही, अक्का."

त्याने मला हौसेने कचेरीच्या खोलीत नेले. तिथे भिंतीवर बंगल्याचा मूळ नकाशा चौकटीत लावला होता, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. खोल्यांची इंग्रजी नावे तो मराठीत सांगत गेला. साहेबांची झोपण्याची खोली, मडमेची कपडे बदलण्याची खोली, दौऱ्यावर आलेल्या साहेबांच्या दोन खोल्या, मुलाखतीची खोली, तंबूंची खोली.

"आणि ही?" पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर मी बोट ठेवले.

"ती कुत्र्यांची."

"अण्णांची खोली कुठली?"

तो जरा घुटमळला. "पाहुण्यांच्या खोल्या राखून ठेवाव्या लागतात. मी म्हटलं, तंबूंची खोली. तंबू उन्हाळ्यात तिथंच असतात, पण निम्मी रिकामी करून देतो. चुना लावून घेऊ."

"कुत्र्यांची खोली रिकामी आहे ना?"

तो हसला. मी थट्टा करत नव्हते. कुत्र्यांच्या खोलीला खिडकी होती आणि पश्चिमेचा वारा होता. तंबूंच्या खोलीला एक झरोका होता.

"घर फार विचार करून बांधलंय गं," दत्तू म्हणाला. तेवढे खरे होते. साहेबांच्या बाजूला तिन्ही अंगांनी खोल व्हरांडे, कडुलिंबांची सावली, आणि उन्हाळ्यात वाळ्याच्या मुळ्यांचे ओले पडदे. अर्ज घेऊन येणाऱ्यांसाठी फक्त पूर्वेचा व्हरांडा, अरुंद आणि उथळ, आणि त्यात एक लांब बाक. उन्हाळ्यात कचेरी सकाळी सात ते अकरा भरते. सात ते अकरा ऊन नेमके त्या बाकावर असते. हा नकाशा काढणाऱ्याला सूर्य कुठून उगवतो हे ठाऊक नव्हते, असे मानायला मी तयार नाही.

घरचा व्हरांडा आणि हा अर्जवाल्यांचा व्हरांडा यांच्यामध्ये हिरव्या झिलमिलीचे (तिरप्या पट्ट्यांचे) एक दार आहे. खिळे मारून ते कायमचे बंद केलेले आहे. पट्ट्या अशा बसवल्या आहेत की आतून पाहिले तर पलीकडच्या माणसाचे गुडघ्यापासून खालचे पाय दिसतात, आणि पलीकडून पाहिले तर काहीच दिसत नाही. शिवाय कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीला एक भोक आहे. पूर्वी पंखा ओढणारा बाहेर अर्जवाल्यांच्या व्हरांड्यात बसे आणि त्याची दोरी ह्या भोकातून आत येई. गेल्या वर्षी वीज आली, पंखा ओढणारा गेला, भोक राहिले. ते बुजवायचाही अर्ज गेला आहे.

मंगळवारी सकाळी सरू म्हणाली, "वन्सं, गंगेवर जाऊ या का? पण चालत." साहेबाच्या बायकोने मोटारीतूनच जायचे अशी रीत असल्यामुळे आम्ही नोकरांच्या फाटकातून निघालो. तांबट आळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंनी ठोक्यांचा असा गजर सुरू झाला की बोलणेच थांबले. घंगाळी, कळशा, पंचपात्रे उन्हात लखलखत होती. गोदावरीचे पाणी उतरलेले होते, तरी सरू पायऱ्यांवर पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून बसली. फुलांची परडी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने तिला विचारले, "कोनाची गं तू?"

"सुताराची सून," सरू म्हणाली.

सहा महिन्यांत तिला ते म्हणायला मिळाले नव्हते, हे तिच्या तोंडावर दिसत होते. येताना आम्ही भट्टीवरचा गरम चिवडा घेतला आणि तो कागदातून खात खात, अगदी असभ्यपणे, बंगल्याच्या मागच्या फाटकापर्यंत आलो.

बुधवारी दत्तूचे मुंबईचे वरिष्ठ गोरे साहेब तपासणीला आले. साडेसातला त्यांची मोटार तीनशे बारा पावलांचा वळसा घेऊन पोर्चमध्ये थांबली आणि दोघेही कचेरीच्या खोलीत जाऊन बसले. सरू न्हाणीघरात स्वयंपाकाला लागली. मी घरच्या व्हरांड्यात, हिरव्या दारापासून चार हातांवर, पुण्याच्या एका मैत्रिणीला पत्र लिहायला बसले. पत्रात मी ह्या बंगल्याला यथेच्छ नावे ठेवत होते. पूर्वेचा व्हरांडा, उन्हातला बाक, बूटवाले, वहाणवाले, काही सोडले नव्हते. लेखणी छान चालली होती.

तेवढ्यात दारावर टकटक सुरू झाली. जरा थांबे, की दुसऱ्या जागी पुन्हा टकटक. मी मान वळवून पाहिले. पट्ट्यांतून दोन पाय दिसले, पोटऱ्यांपर्यंत धूळ, शेजारी काढून ठेवलेल्या वहाणा आणि गोणपाटात बांधलेले काहीतरी ओझे. कोणी अर्जवाला असेल.

"कासीमभाई," मी इकडूनच आवाज दिला, "दार कोण वाजवतंय ते? गप बसायला सांगा त्याला. आत मोठे साहेब आहेत."

"ए बाबा, हात काढ दारावरून," पलीकडून कासीमभाईचा आवाज आला. टकटक थांबली. मी पत्र पुढे लिहू लागले.

सरूची एक रीत होती. बाकावरच्या माणसांसाठी ती रोज माठातल्या पाण्याची कळशी कासीमभाईच्या हाती पाठवी. त्या दिवशी कासीमभाई साहेबांच्या चहाच्या धांदलीत होता, म्हणून नऊच्या सुमाराला ती स्वतःच कळशी घेऊन निघाली. दार बंद, तेव्हा दिवाणखान्यातून, पोर्चमधून, बंगल्याला पुरा वळसा घालून ती पूर्वेला गेली. आणि मग त्या हिरव्या दारापलीकडून, माझ्यापासून चार हातांवरून, तिचा आवाज आला.

"मामंजी! तुम्ही?"

मी धावले. त्या घरात धावायचे म्हटले तरी वळसाच घालावा लागतो. साहेबांच्या मोटारीवरून, शोफरच्या अंगावरून मी पूर्वेला पोचले. बाकावर पाच माणसे ऊन खात बसली होती. अण्णा खाली फरशीवर, खांबाच्या सावलीची वीतभर पट्टी होती तिथे, गोणपाटातल्या ओझ्यावर हात ठेवून बसले होते. सरू त्यांच्या शेजारी फरशीवरच बसली होती आणि त्यांना पाणी देत होती.

"अण्णा, कधी आलात?"

"झाला की तासभर. वळखीचा लॉरीवाला कांदे घिऊन येत व्हता. मंग म्हनलं, उद्याची वाट कशाला बघायची."

"आणि आत सांगितलं का नाही? कोण म्हणून का नाही सांगितलंत?"

"पुढं बड्या सायबाची मोटार दिसली. दत्तूचं काम चाललेलं. म्या ह्यो असा धुळीनं भरल्याला. बाप म्हनून मधी कशाला पडू? बसलो."

कासीमभाई चहाचे ताट घेऊन कोपऱ्यावरून आला आणि जागीच थबकला. "काय काम म्हणून विचारलं मी," तो मला म्हणाला, "तर म्हणाला काम नाही, नुसतं भेटायचंय. आणि हे ओझं पाहून मला वाटलं, साहेबांना भेट आणली. भेट घ्यायला मनाई हाये. म्हणून बाजूला बसवला."

"त्याची चूक नाय," अण्णा म्हणाले. "भला मानूस हाय. बाकावर बस म्हनला व्हता, म्याच ऊन लागतं म्हनून खाली बसलो." मग माझ्याकडे पाहून त्यांनी हिरव्या दाराकडे हात केला. "गोदे, ह्ये दार बघ. अस्सल साग हाय. उगा खिळे मारून नासवलंय. आतनं कुजलंय का म्हनून म्या वाजवून बघत व्हतो. तवा तुझा आवाज आला."

मी शेजारी काढून ठेवलेल्या त्या वहाणांकडे पाहिले.

"वळखला म्या. म्हनलं, कामात असंल पोरगी."

सरूने कळशी खाली ठेवली. "वन्सं, तुम्ही बसा ह्यांच्याजवळ," ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली. साहेबलोकांसमोर जी कधी उभीही राहत नसे ती कुठे निघाली, ते मला थोड्याच वेळात कळले. भिंतीतल्या त्या भोकातून खोलीतला शब्दन् शब्द बाहेर येत होता.

"मामंजी बाहेर उन्हात बसलेत," सरू मराठीत म्हणाली. "त्यांना आत आणायला चला."

मग गोऱ्या साहेबाने इंग्रजीत विचारले, काय प्रकार आहे. दत्तू म्हणाला, माझे वडील आले आहेत. साहेब म्हणाले, "ठीक आहे. हा तक्ता पुरा करू आणि मग पाहू." एवढे इंग्रजी मला समजते. त्यानंतर कागद उलटल्याचा आवाज आला. मी मनात आकडे मोजू लागले. बारापर्यंत आले तेव्हा खुर्ची मागे सरकली.

दत्तू कोपऱ्यावरून आला तो टाय, कोट आणि घामाने ओला झालेला चेहरा घेऊन. साहेब बाहेर आलेला पाहताच बाकावरची पाचही माणसे उभी राहिली. त्यांच्याबरोबर अण्णाही उभे राहिले.

मी माझ्या भावाचा चेहरा त्याच्या लहानपणापासून पाहते आहे. तसा तो मी कधी पाहिला नव्हता. तो पुढे झाला आणि सगळ्यांसमोर अण्णांच्या धुळीच्या पायांवर त्याने डोके ठेवले.

"आत चला, अण्णा."

"आन तुझं काम?"

"होईल."

"मंग ह्या लोकांचं बी बघ," अण्णा म्हणाले. "माझ्या आधीपास्नं बसलेत."

बडे साहेब दुपारच्या जेवणाआधीच निघून गेले. तक्ता पुरा झाला की नाही, मी विचारले नाही. जेवण झाल्यावर अण्णा झोपले आणि दत्तू माझ्याजवळ येऊन बसला. टाय काढला होता.

"अक्का, मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"अण्णांचं खोकणं. ते आले तेव्हापासून. त्या भोकातून सगळं ऐकू येतं. मी म्हटलं, आत्ता उठतो, मग उठतो."

दोन दिवस मी त्याच्यासाठी बोलणी जमवत होते. टायवर, तंबूंच्या खोलीवर, त्या गोल वाटेवर. सगळी तयार होती. पण मला दारावरची टकटक ऐकू येत होती. त्याने निदान आवाज ओळखला होता. मी तर माझ्या बापाचे पाय बघितले आणि गप बसायला सांगितले. त्याला ते मी त्या दिवशी सांगितले नाही. आज इथे लिहिते आहे.

"अण्णांना सांगितलंस?" मी एवढेच विचारले.

"सांगितलं. म्हणाले, भोक बुजव, पावसाळ्यात पानी यील."

गोणपाटात देव्हारा होता. सरूने पत्रातून कपाटाचे माप कळवले होते, त्यावरून अण्णांनी अधू नजरेने सागाचा देव्हारा केला होता, वर कळस, बाजूला मोर. गुरुवारी सकाळी बंदुकांचे कपाट पाहून ते नुसते मान हलवून पुढे गेले. बोटांच्या पेरांनी दारे, चौकटी, खांब वाजवत त्यांनी सगळा बंगला पाहिला, आणि दिवाणखान्यात त्या संगमरवरी कोनाड्यापुढे थांबले.

"ह्यो कोनाडा झ्याक हाय."

"तो विस्तव पेटवायचा आहे, अण्णा," मी म्हणाले.

"घरामधी?" त्यांनी वाकून वर धुराड्यात पाहिले. "नाय, ह्यो देवाचाच हाय."

सरू दत्तूकडे पाहू लागली. आलेला प्रत्येक साहेब त्याच कोनाड्यासमोर चहा घेतो. दत्तूने कोनाड्यातली पितळी चिमटे-फावडी उचलली आणि तंबूंच्या खोलीत नेऊन टाकली. सरूने काजळी पुसून जागा सारवल्यासारखी लख्ख केली. अण्णांनी तिथे देव्हारा मांडला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात पूजेची घंटा वाजली. चिमण्या उडाल्या आणि पुन्हा बसल्या.

दुपारी मी अण्णांना विचारले, घर कसे वाटले.

"लाकूड एक नंबर. मांडनी गैर." मग म्हणाले, "बांधनारा लय भित्रा असंल गं. कोन कुठनं यील, येवढाच इचार केलाय त्यानं."

त्या बंगल्यावर मी पत्राची आठ पाने लिहिली होती. ती फाडून टाकली. त्यांत हे एक वाक्य नव्हते.

अण्णा राहायला तयार झाले नाहीत. दत्तूने पाहुण्यांची खोली उघडून दिली, आर्जवे केली, सरू रडली. "हितं म्या करू काय?" ते म्हणाले. "खिळा मारायची बी बंदी." निघण्याआधी मात्र दत्तूने स्वतःच त्यांना विचारले, "अण्णा, ते हिरवं दार उघडता येईल?" अण्णांनी पिशवीतून पकड काढली. दत्तू शेजारी उभा राहून निघालेला एकेक खिळा ओंजळीत घेत होता. आठ निघाले. दार उघडले तेव्हा कासीमभाईने आधी इकडे पाहिले, मग तिकडे, आणि उंबऱ्यावरून पाय टाकून पाहिला. इतक्या वर्षांत तो त्या दारातून कधी गेला नव्हता.

शुक्रवारी अण्णांची सोबत मिळावी म्हणून मी पुण्याच्या सर्व्हिस मोटारीने निघाले. सिन्नरच्या अलीकडे त्यांच्या गावचा फाटा येतो. मळमळीने मी अर्धमेली झाले होते आणि तेच मला धरून बसले होते. मला त्यांना काही सांगायचे होते. फाट्यावर ते उतरले, खिडकीशी आले आणि म्हणाले, "लिंबू हुंगत ऱ्हा. पुढं रस्ता खराब हाय." मोटार सुटली.

शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात सरूचे पत्र आले. बंगल्याची पुन्हा तपासणी झाली. हिरवे दार विनापरवानगी उघडल्याबद्दल दत्तूकडून लेखी खुलासा मागवला, आणि दार परत ठोकून बंद केले. आधी आठ खिळे होते, आता बारा आहेत. इमारतीला हात लावायची बंदी असली तरी बाक म्हणजे सामान, ते हलवायला परवानगी लागत नाही, असे दत्तूने नियमांत शोधून काढले आणि बाक उत्तरेच्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. आता तो रविवारी टाय न लावता अण्णांकडे जातो. कोनाड्यातला देव्हारा मात्र कोणालाच खटकला नाही. तपासणीला आलेल्या साहेबाने मोराची नक्षी वाखाणली आणि अशी शोभेची वस्तू कुठे मिळते म्हणून विचारले.

मग आमची शाळा उघडली. नावे घालायचे दिवस होते. पहिल्याच दिवशी, मी टेबलाशी हजेरीपट आखत असताना, ओसरीवर एक माणूस लहानशा मुलीचा हात धरून उभा होता. डोक्याला मुंडासे, वहाणा पायरीखाली काढलेल्या. अशी माणसे मी अकरा वर्षे पाहत आले आहे. म्हणजे त्यांच्या बाजूने जात आले आहे. घंटा होईतो ती उभी राहतात, मग कोणीतरी त्यांना बोलावते.

मी हजेरीपट मिटला आणि बाहेर गेले. मला येताना पाहून तो चटकन मुलीला घेऊन भिंतीला चिकटला आणि त्याने मला जायला वाट करून दिली. मी त्याच्याकडेच आले आहे, हे मला त्याला दोनदा सांगावे लागले.